पायनेवाले शामरावजी

अकोल्यात पाऊल ठेवल्यावर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "पायना पायजे का?"

सत्तावन्न साल होतं. मोजणी खात्यातली कारकुनी घेऊन मी साताऱ्याहून आलो होतो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी आणि काखेत छत्री. स्टेशनावरून टांगेवाल्याने मला जठारपेठेतल्या एका बैठ्या घरासमोर आणून सोडलं होतं. दारात पन्नाशी ओलांडलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. धोतर, बंडी, आणि खांद्यावर एक लहानसं दुपटं. पंचा असावा तिथे दुपटं.

मला वाटलं, पाणी विचारतायत. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारण्याची केवढी ही चांगली रीत! मी म्हणालो, "हो, मिळालं तर बरं होईल."

त्यांचा चेहरा उजळला. ते लगबगीने टांग्याकडे गेले, आत डोकावले, मागे जाऊन पाहिलं आणि परत आले.

"किती महिन्याचं हाये?"

"काय?"

"लेकरू!"

"कोणाचं?"

"आता तुमचंच असन ना बाप्पा! माहं असन का?"

शेवटी टांगेवाल्यालाच माझी दया आली. तो म्हणाला, "साब अकेले हैं, शामरावजी."

शामरावजींचा चेहरा पडला. लग्नाला जेवायला जावं आणि तिथे उपास निघावा, तसा. त्यांनी मुकाट्याने किल्ली माझ्या हातात दिली. "मांगची खोली. चटई हाये. अंथरून तुमचं तुमीच घाला."

वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो आणि पाळणा हा पायना होतो, हे मला संध्याकाळी कळलं. दोन दिवसांसाठी घेतलेल्या त्या मागच्या खोलीत मी पुढे पाच वर्षं राहिलो.

शामरावजींच्या घरात उतारूंसाठी पाच खोल्या होत्या. कोर्टाच्या तारखेला आलेले, सरकारी दवाखान्यात कोणाला दाखवायला आणलेले, लग्नाचा बस्ता बांधायला आलेले असे लोक तिथे दोन-चार दिवस राहत. दारावर पाटी नव्हती. ती लागतही नव्हती. स्टेशनावरचा कुठलाही टांगेवाला कडेवर मूल असलेली बाई दिसली की विचारायचा, "पायनेवाले के यहाँ चलना है क्या?"

त्या काळी उतारू आपलं अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊनच फिरत. वळकटी नसलेला माणूस एकतर घरातून भांडून निघालेला किंवा पोलिसांपासून पळालेला. त्यामुळे शामरावजी मोठ्या माणसांना काहीच देत नसत, याचं कोणाला नवल नव्हतं. एक चटई, एक घागर, एक कंदील. उशी मागितली तर म्हणत, "हात हाये ना?" नवल होतं ते लेकरांच्या बडदास्तीचं. लेकराला सागवानी पाळणा, त्यात जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी, वर दुसरी गोधडी, मोहरीची उशी, चार दुपटी, आणि वरून मच्छरदाणी. एकदा एक वकीलसाहेब सकाळी हातपाय खाजवत बाहेर आले आणि ओरडले, "माझ्या सहा महिन्यांच्या पोराला मच्छरदाणी, आणि खोली ज्याच्या नावावर त्याला काही नाही?"

"तुमी डास मारू शकता, साहेब," शामरावजी शांतपणे म्हणाले. "त्याले अजून टायी वाजवता येत नाई."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. दिवसातून दोनदा तरी ते कोणाला ना कोणाला ऐकवायचे : "मोठा मानूस थकला का झोपते. लेकरू थकलं का रडते. मंग सोय कोनाची कराव?" ऐकणारा आपली चटई पसरायचा. मीही पसरायचो, आणि रोज सकाळी माझी कंबर दुखायची.

घर बांधताना त्यांनी गवंड्याला आधी प्रत्येक खोलीच्या तुळईला लोखंडी कड्या ठोकायला लावल्या आणि मग खिडक्यांचा विचार केला, असं लोक सांगत. खोटं नसावं. माझ्या खोलीत कड्या दोन होत्या आणि खिडकी एक, तीही कपाटाएवढी. कड्यांना ते दर शनिवारी जवसाचं तेल द्यायचे. पण अगदी बेताने. पाळणा अजिबात न वाजणं त्यांना पसंत नव्हतं. "जरासाक करकरला पायजे. लेकराले वाटते, कोनीतरी जवय हाये."

या घरात शामरावजींच्या विरुद्ध पक्षही होता आणि तो फार तगडा होता. काशीबाई, त्यांची थोरली बहीण. शामरावजी त्यांना बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाई. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या, पासष्टीच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की शेजारच्या आळीतली कुत्री थांबून ऐकायची. उतारूंचा स्वयंपाक बाई करत. दुपटी आणि गोधड्याही त्याच धूत. विरोधाचं मूळ तिथे होतं.

"लेकरू घरून आनतेत ना?" बाई विहिरीवरून ओरडत. "मंग पायना काहून नाई आनत?"

"बाई, लेकरू काखेत मावते. पायना मावते का?"

"मंग लुगड्याची झोयी बांधाव!"

"अन् कुठी बांधाव? तुह्या नाकाले?"

हा वाद मी पाच वर्षं ऐकला. पण कधीकधी बाई धुण्याचा पिळा खाली ठेवून हलक्या आवाजात बोलत, आणि मग तो वाद गमतीचा राहत नसे.

"शाम्या, उद्या दोरी तुटली तं? आपल्या पायन्यातून लेकरू पडलं तं लोक कोनाले धरतीन? तुले धरतीन. तू पायना देल्लाच नाई, अन् लेकरू खाटेवरून पडलं, तं तुले कोनी काई म्हननार नाई."

"मले कोनी काई म्हननार नाई," शामरावजी म्हणत, "पन लेकरू पडनच ना, बाई."

तर दोरी तुटू नये म्हणून शामरावजींनी एक युक्ती काढली होती. उतारू यायच्या आधी ते रोज प्रत्येक पाळणा वजन टाकून तपासत. वजन म्हणजे घरातले दोन जाडजूड वरवंटे. ते दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवायचे आणि शंभर झोके मोजायचे. मधेच कोणी हाक मारली की वरवंटे तसेच ठेवून जायचे. एकदा यवतमाळच्या एक बाई खोलीत शिरल्या, पाळण्यात डोकावल्या आणि हरखून म्हणाल्या, "अगं बाई, जुळी!" शामरावजींनी वरवंट्यांना टोपडीही घातली होती. त्यांनी कौतुकाने एकाला उचलायला हात घातला. मग जी किंकाळी फुटली ती ऐकून मी कचेरीचे कागद टाकून धावलो. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. कोणीतरी करणी केलीय, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

"करनी नाई माय, वरवंटे हायेत," शामरावजी त्यांना समजावत होते. "रोज झोपवतो."

"पण टोपडी कशाला?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "उघड्या डोक्यानं ठेवू का?"

असा हा माणूस. स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, हे विचारण्याइतका माझा धीर कधी झाला नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात तेल्हाऱ्याहून वानखडे गुरुजी आले. बरोबर बायको आणि चार महिन्यांची मुलगी. बायको बाळंतपणापासून अंगावर ताप काढत होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी रोज एक याप्रमाणे दहा-बारा इंजेक्शनं सांगितली होती, म्हणून इतके दिवस अकोल्यात राहणं भाग होतं. त्या दिवशी मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. टांगा थांबला. गुरुजी उतरून पुढे आले. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, हातात छत्री, चेहरा ताठ. पुढे त्यांनीच मला सांगितलं की त्याआधी ते तीन ठिकाणी जाऊन आले होते. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "कोन लोक तुमी?" आणि त्यांनी खरं उत्तर दिल्यावर तिन्ही ठिकाणी खोल्या एकाएकी भरून गेल्या होत्या. चौथ्या दारात येताना त्यांनी ते उत्तर तोंडात तयार ठेवलं होतं. एकदाचं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं.

शामरावजी दारात आले. "पायना पायजे का?"

गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच. आणलेलं उत्तर या प्रश्नाला लागू पडेना. मागून टांग्यातून त्यांच्या बायकोचा बारीक आवाज आला, "हो. पायजे."

"किती महिन्याचं?"

"चार."

"मंग सागवानी देतो," शामरावजी म्हणाले आणि आत धावले.

त्या बाईंचं नाव रमाबाई. त्यांच्यात मुलीला उचलून उभं राहण्याची ताकद नव्हती. गुरुजींनी मुलगी पाळण्यात ठेवली, रमाबाई शेजारी वळकटी उलगडून आडव्या झाल्या, पाळण्याची दोरी हातात धरली, आणि दुपारी बारा वाजता ज्या झोपल्या त्या दिवेलागणीला उठल्या. गुरुजी तीनदा येऊन त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहून गेले. मुलगी मधे दोनदा रडली, तेव्हा शामरावजींनी बाहेरून खिडकीतून आलेली दोरी ओढून झोका दिला. खिडकीतून ओढायची लांब दोरी ही त्यांचीच सोय होती. त्यासाठी त्यांनी प्रत्येक खिडकीचा एक गज कापून काढला होता.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. शेजारी बाई सुपात तुरी निवडत होत्या. आतून पाळण्याची करकर ऐकू येत होती. मी गमतीने म्हणालो, "बाई, आज विरोध नाही वाटतं?"

बाईंनी सूप बाजूला ठेवून पाय लांब केले.

"आमची माय गेली तवा शाम्या आठ महिन्याचा होता. मी अकरा वर्साची. घरात पायना नव्हता. असे पाय लांब करून त्याले पायावर घ्यावं अन् हालवावं. जरा थांबली का रडे. पायाले मुंग्या येत, मंग पाय मेल्यावानी होत, पन हालवनं थांबवता येत नसे. तो दोन वर्साचा होईस्तोवर मी झोपली कवा, मलेच आठवत नाई." त्या हसल्या. "मोठा झाल्यावर कोनीतरी त्याले हे सांगतलं. तवापासून रोज इचारते, बाई, पायाले मुंग्या येतात का? म्या म्हनलं, अरे येड्या, पन्नास वर्सं झाले! ऐकत नाई. त्याले वाटते अजून येतात."

त्या पुन्हा तुरी निवडू लागल्या. "लोकाइले वाटते पायना लेकराचा असते. लेकरू तं कुठीबी झोपते. पायना हालवनारीचा असते."

"मग तुम्ही त्यांच्याशी रोज भांडता कशाला?"

"तं काय करू? दुपटे कोन धुते?"

पाचव्या दिवशी दर्यापूरकडचे एक पाटील आले. ते शामरावजींचे जुने उतारू. दर महिन्याला कोर्टाच्या तारखेला येत, समोरची मोठी खोली घेत, आणि त्यांच्या शब्दावर त्या भागातली निम्मी मंडळी इथेच उतरत. या खेपेला सून आणि नातू बरोबर होते. त्यांना नेहमीचा सागवानी पाळणा हवा होता.

"तो वानखडे गुरुजीकडे हाये," शामरावजी म्हणाले. "तुमाले दुसरा देतो. तोही चांगला हाये, कालच शंभर झोके देल्ले."

"वानखडे? म्हंजे आमच्याच इकडले," असं म्हणत पाटील ओळख काढायला गुरुजींच्या खोलीकडे गेले. वऱ्हाडात वानखडे दहा जातींत असतात. खोलीत कोनाड्यावर गुरुजींनी भगवान बुद्धांची एक लहानशी तसबीर ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती. पाटलांनी तसबीर पाहिली, पाळणा पाहिला, आणि ते उलट पावली ओसरीवर आले.

"शामराव, त्या पायन्यात माहा नातू झोपत होता."

"हाव ना. मांगच्या खेपेले."

"अन् आता त्यात तुमी कोनाले झोपवून राह्यले, पाह्यलं का?"

"पाह्यलं ना. पोरगी हाये. चार महिन्याची. सुजाता नाव हाये."

"मी जातीचं बोलून राह्यलो."

शामरावजींनी खांद्यावरचं दुपटं काढून हातात घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "पाटील, एवढ्या वर्सात अठी कितीक लेकरं झोपून गेले. सारे सारखेच मुततेत. खोटं वाटत असन तं बाईले इचारा. दुपटे तेच धुते."

पाटलांना ही सूचना आवडली. बाई एकादशी करणाऱ्या, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न पिणाऱ्या, आणि पाळण्याच्या कट्टर विरोधक. त्यांनी मोठ्याने हाक मारली. बाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. पाटलांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आता तुमीच सांगा, बाई. हे शोभते का? एकतर त्याइले खोली सोडाले लावा, नाई तं आमी जातो."

दाराच्या आत गुरुजी उभे होते. त्यांनी छत्री आधीच हातात घेतली होती. मी काय केलं? मी वर्तमानपत्राची घडी घातली. ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. एवढंच केलं. आजही ती घडी मला आठवते.

बाईंनी पाटलांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, हाताला लागलेली कणीक झाडली.

"पाटील," त्या त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "तुमाले एवढी चिंता होती तं पायना घरून आनाचा होता."

पाटील गेले. त्यांची सून टांग्यात बसताना मागे वळून पाहत होती. तिच्या कडेवरचं पोर झोपेला आलं होतं आणि किरकिरत होतं. शामरावजी धावत गेले आणि त्यांनी हातातलं दुपटं तिच्या मांडीवर ठेवलं. पाटलांनी ते उचलून रस्त्यावर टाकलं. शामरावजींनी ते उचललं, झटकलं आणि पुन्हा खांद्यावर घेतलं.

दर्यापूरकडून त्यानंतर कोणीही आलं नाही. समोरची खोली कितीतरी दिवस रिकामी राहिली. बाई त्यावरून रोज बडबडत, पण पाटलांचं नाव न घेता. गुरुजी मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छत्री हातात धरूनच बसले होते. शेवटी शामरावजी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "गुरुजी, छत्री ठेवा आता. घरात पानी नाई पडत."

बारा दिवसांनी रमाबाईंचा ताप गेला. जाताना त्यांनी स्वतः मुलीला उचललं. शामरावजींनी सुजाताच्या मुठीत आपलं बोट देऊन एखाद्या मोठ्या माणसाचा घ्यावा तसा तिचा निरोप घेतला. "येत जा," ते तिला म्हणाले. ती जांभई देत होती.

दिवाळीला गुरुजींचं कार्ड आलं. सुजाता चालू लागली. शामरावजींनी ते येणाऱ्या-जाणाऱ्या उतारूंना वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी आणखी एक कार्ड आलं. मग गुरुजींचा संसार वाढला असेल, शाळा बदलली असेल. कार्डं थांबली. शामरावजी मात्र तेल्हाऱ्याकडचा उतारू भेटला की विचारायचे, "तठी एक सुजाता हाये, ओयखता का?" जणू तेल्हाऱ्यात ती कोणी आमदार होती.

एकसष्ट साली पावसाळ्याच्या शेवटी बाई गेल्या. आजारपण असं काही नव्हतं. सकाळी दुपटी वाळत घातली, दुपारी पडल्या, आणि उठल्या नाहीत. शामरावजी रडले नाहीत. पण त्यांचा प्रश्न बंद झाला. कडेवर मूल घेऊन बाया यायच्या, ते किल्ली द्यायचे आणि आत जायचे. एकदा एका बाईने स्वतःच पाळणा मागितला, तर म्हणाले, "दुपटे धुतले नाईत." मीच जाऊन पाळणा बांधला. माझ्या गाठी पाहून त्यांनी त्या सोडवल्या आणि पुन्हा बांधल्या. वरवंट्यांना कोणी झोके देईना.

बासष्टच्या फेब्रुवारीत मला मोजणीच्या कामाला तेल्हाऱ्याला जायचं होतं. मी सहज म्हणालो, "शामरावजी, चला माझ्याबरोबर. सुजाताला पाहून येऊ."

त्यांनी उठून कोट घातला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

बसला वेळ होता, म्हणून आम्ही बाजारात गेलो. त्यांनी एक खुळखुळा घेतला. रंग चाटला तर पोटात जाईल का, हे दुकानदाराला तीनदा विचारलं. मग एक लाल टोपडं घेतलं, मुठीवर चढवून माप पाहिलं. मीही बरोबर होतो, मोजणी खात्यातला माणूस, पण तोपर्यंत माझंही लग्न झालेलं नव्हतं. वर्षं मोजायचं मलाही सुचलं नाही.

गुरुजींचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एक मुलगी पाटी घेऊन उकिडवी बसली होती. दोन वेण्या, पुढचा एक दात किडलेला, आणि नाकावर पेन्सिलीची भुकटी. शामरावजी तिच्यासमोर थांबले.

"सुजाताचं घर हेच का?"

"मीच सुजाता," ती म्हणाली.

शामरावजींचा हात कोटाच्या खिशात होता. तो तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गुरुजी घरातून आले आणि क्षणभर ओळख पटेना म्हणून पाहत राहिले. मग "अहो, शामरावजी!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात धरले. रमाबाई बाहेर आल्या. आता अंगाने भरल्या होत्या, कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता. त्या सुजाताला म्हणाल्या, "ओळखलं का? अगं, तू लहानपणी यांच्या पाळण्यात झोपलीस."

सुजाताने मान हलवली. नाही.

"असं काय करतेस? नीट बघ."

"राहू द्या, रमाबाई," शामरावजी म्हणाले. "कशी ओयखन? सारे दिवस झोपूनच तं होती ते."

रमाबाईंनी विचारलं, बाई कशा आहेत. शामरावजींनी सांगितलं. रमाबाई आत गेल्या, आणि डोळ्यांना पदर लावून झाल्यावर त्यांनी चूल पेटवली. जेवल्याशिवाय सोडणार नव्हत्या. खिशातून पुडीचा कागद वाजला तेव्हा गुरुजींनी विचारलं, "काय आणलंत?" शामरावजी म्हणाले, "काई नाई, माहं औषध हाये."

भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. जेवण झाल्यावर गुरुजी माझ्या कामासाठी मला पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, घरी पोचवून आले. मी अडीचच्या सुमाराला परतलो, तेव्हा शामरावजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि सुजाता त्यांच्यासमोर पाटी घेऊन होती. तिची चौकशी चालली होती.

"तुमी कोनाचे आजोबा हा?"

शामरावजींनी विचार केला.

"सध्या तं कोनाचाच नाई वं," ते शेवटी म्हणाले.

सुजाताने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांची पाटी हरवली आहे. मग तिने आपली चटई थोडी त्यांच्याकडे सरकवली. "मंग पाय लांब करून बसा," ती म्हणाली. "मी तुमाले धडा वाचून दाखवतो."

ती वाचू लागली. वाचत कसली होती, ऐकून पाठ झालेलं म्हणत होती, बोट भलत्याच ओळीवर ठेवून. शामरावजी मान डोलावत होते. दुसऱ्या पानावर त्यांची मान डोलायची थांबली आणि छातीवर आली. बाई गेल्यापासून या माणसाला मी झोपलेला पाहिला नव्हता. रात्री कधीही उठावं तर ओसरीवर बसलेले असायचे.

बसची वेळ झाली होती. मी त्यांना हलवायला पुढे झालो. रमाबाईंनी दारातूनच हाताने मला थांबवलं आणि मुलीला दटावलं, "सुजाता, हळू वाच. आजोबा झोपलेत."

सुजाताने आवाज खाली आणला, पण वाचायची थांबली नाही. तीनची बस आम्ही जाऊ दिली.